खाडी आणि क्रमिक पुस्तक

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेंत सातवीच्या वर्गास मीं एक प्रश्न घातला होता : ‘भरतीची वेळ रोज कां बदलते?’ बहुतेक विद्यार्थ्यांनीं पुस्तकांतील वाक्यें जशींच्या तशीं उतरविलीं होतीं व त्यांस मीं पूर्ण गुण दिले. एका मुलीचें उत्तर मात्र निराळें होतें. तिनें लिहिलें होतें, ‘तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. चवथीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां. माझे आजोबा होडी काढतांना असेंच मोजतात.’ एवढेंच. त्यांत चंद्राचें नांव नव्हतें, गुरुत्वाकर्षणाचेंहि नव्हतें. मीं तांबड्या शाईनें त्यावर रेघ ओढली आणि शून्य मांडलें.

त्याच दिवशीं सायंकाळीं डोंबिवलीस घरीं जातांना, ठाणें सुटल्यावर खाडीच्या पुलावर आमची गाडी खोळंबली. खालीं पाहिलें तों पाणी पार उतरलेलें, चिखल उघडा पडलेला, आणि त्यांत बगळे हिंडत असलेले. त्या दिवशीं कोजागिरी पौर्णिमा होती. सहज मनांत हिशेब केला : पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमारास भरती, आणि तेथून सहा तासांनीं ओहोटी. घड्याळांत पावणेसहा झाले होते. मी विज्ञानाचा पदवीधर आहें व वीस वर्षांहून अधिक काळ हा पूल ओलांडीत आहें. परंतु खालीं भरती आहे कीं ओहोटी हें न पाहतां सांगण्याची विद्या मला त्या दिवशीं एका मुलीच्या आजोबांपासून मिळाली. दुसरे दिवशीं मीं ती उत्तरपत्रिका मागवून घेतली व शून्य खोडून गुण दिले. पण तेवढ्यानें मनाचें समाधान झालें नाहीं. ज्यांना पूर्ण गुण मिळाले होते त्या चाळीस मुलांना मीं विचारलें, ‘या घटकेस खाडीचें पाणी चढत आहे कीं उतरत आहे?’ एकालाहि सांगतां आलें नाहीं.

यावरून माझें जें मत झालें आहे तें या वार्षिक अंकाच्या द्वारें विद्यार्थी व पालक यांपुढें मांडावें अशी इच्छा आहे. तें असें : ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या मुलांना सहावी, सातवी व आठवीचें विज्ञान आधीं खाडीकांठीं दाखवावें आणि मग पुस्तकांत वाचावयास द्यावें. आणि मूल घरून जें ज्ञान घेऊन येतें तें शाळेनें तपासून घ्यावें. माझ्याप्रमाणें न तपासतां खोडूं नये.

आमच्या क्रमिक पुस्तकांची वांटणी पाहा. भरती-ओहोटीचा धडा भूगोलांत आहे. गुरुत्वाकर्षण पदार्थविज्ञानांत आहे. वनस्पतींचें श्वसन जीवशास्त्राच्या भागांत आहे. निरनिराळे विषय निरनिराळ्या ठिकाणीं असणें सोयीचें आहे, याबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु मुलाची अशी समजूत होते कीं, सृष्टीनेंच ही वांटणी केली आहे. खाडीवर गेल्यावर ही समजूत टिकत नाहीं. तेथें चंद्र पाणी ओढतो, तें पाणी चिखलावर चढतें, आणि त्या चिखलांत झाड श्वास घेतें. हीं तीन प्रकरणें तेथें एकाच पानावर वाचावयास मिळतात.

प्रथम त्या पाऊणपटीच्या नियमाचेंच पाहूं. एका चांद्रमासांत तिथि तीस. तेवढ्या काळांत भरतीची वेळ पुढें पुढें सरकत पूर्ण चोवीस तासांचा फेरा करिते. चोवीस तासांचीं मिनिटें १४४०; त्यांस तिसानें भागलें म्हणजे दर तिथीस ४८ मिनिटें येतात. आजोबांची पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटें. तीन मिनिटांचा फरक! पंधरा तिथींत तो पाऊण तासाचा होतो, म्हणून पौर्णिमेस नियम सव्वाअकरा सांगतो, आणि ४८ मिनिटांच्या हिशेबानें बरोबर बारा येतात. कांहीं दिवशीं नियम तासभरहि चुकतो, कारण भरतीचें मागें पडणें रोज सारखें नसतें. तरी पण ज्यानें कागद-पेन्सिल न घेतां, केवळ आकाश व पाणी पाहून हा नियम बसविला, त्यानें निरीक्षण, हिशेब आणि पडताळा या तिन्ही गोष्टी केल्या होत्या. विज्ञानाची पद्धति म्हणून आम्ही वर्गांत जें फळ्यावर लिहितों, तें याहून वेगळें काय आहे?

मात्र नियम ‘केव्हां’ एवढेंच सांगतो. ‘कां’ हें सांगत नाहीं. तेथें पुस्तक हातीं घ्यावें लागतें. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूचें पाणी अधिक ओढतो, मध्यभागास त्याहून कमी, व पलीकडच्या बाजूचें पाणी सर्वांत कमी. या फरकामुळें दोहों बाजूंस पाण्याला फुगवटा येतो, म्हणून दिवसांतून दोन वेळां भरती येते. हुशार विद्यार्थी येथें विचारतो, ‘गुरुजी, सूर्य चंद्राहून कितीतरी मोठा, मग भरती सूर्याच्या मागें कां जात नाहीं?’ प्रश्न उत्तम आहे. सूर्य चंद्राच्या सुमारें २ कोटी ७० लक्ष पट जड आहे खरा, पण तो सुमारें ३९० पट दूरहि आहे; आणि भरती उत्पन्न करण्याचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणांत घटतो. ३९० चा घन करून पाहा. सूर्याचा वांटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच पडतो. अमावास्या-पौर्णिमेस दोघांचा ओढा एका रेषेंत येतो, तें उधाण. अष्टमीस ते काटकोनांत असतात, तो भांग. उधाण व भांग हे शब्द कोळीवाड्यांतून पुस्तकांत गेले आहेत, पुस्तकांतून कोळीवाड्यांत नव्हेत.

मुंबईस अपोलो बंदरावर इ. स. १८७८ पासून समुद्राच्या पाण्याची उंची यंत्रानें नोंदली जात आहे. परंतु तेथें भरती आली म्हणजे लगेच ठाण्यास येते असें नाहीं. उथळ व चिंचोळ्या खाडींतून पाण्यास वाट काढावी लागते. ठाण्यास भरती मागाहून येते, आणि कल्याणास दुर्गाडी किल्ल्याखालीं त्याहूनहि मागाहून. शिवाजीमहाराजांच्या काळीं त्या किल्ल्याखालीं गलबतें बांधलीं गेलीं. तीं बांधणाऱ्यांस ही वेळ मोजतां आल्यावांचून एकहि गलबत पाण्यांत लोटतां आलें नसतें. हा उशीर किती, हें कोणत्याहि मुलास घड्याळ व एक खूण केलेली काठी घेऊन मोजतां येईल. त्यास प्रयोगशाळा लागत नाहीं.

आतां पाणी उतरलेल्या चिखलाकडे वळूं. हा चिखल काळा कां, व त्यास कुजक्या अंड्यासारखा वास कां येतो? चिखलाचे कण इतके बारीक कीं त्यांमधून हवा आंत शिरत नाहीं. प्राणवायूवांचून जगणारे सूक्ष्म जीव आंत कुजण्याचें काम करितात, त्यांतून तो दुर्गंधी वायु निघतो. अशा ठिकाणीं मुळांनीं श्वास कोठून घ्यावा? म्हणून तिवराचीं मुळें खालीं न जातां पेन्सिलीसारखीं चिखलाबाहेर डोकावतात. ओहोटी असते तेवढा वेळ तीं हवा घेतात. तिवराचें पान उलटून बोटानें पुसावें व बोट जिभेस लावावें, खारट लागतें. मुळांवाटे आलेलें मीठ पानानें बाहेर टाकलेलें असतें. ‘श्वसनमुळें’ हा शब्द आमचीं मुलें दरवर्षीं दोन गुणांसाठीं पाठ करितात. आणि खरीं श्वसनमुळें त्यांच्या आगगाडीच्या खिडकीबाहेर हातभर अंतरावर हजारोंनीं उभीं असतात.

त्याच चिखलावर निवट्या उड्या मारितात. निवटी मासा खरा, परंतु ओल्या कातडीवाटेहि श्वास घेऊन पाण्याबाहेर बराच वेळ राहतो. ‘मासा म्हणजे पाण्यांत राहणारा प्राणी’ अशी व्याख्या पाठ करणाऱ्या मुलास त्यानें विचारांत पाडावें. हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे येतात. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यांतून आलेला असतो. पाण्यांतील शेवाळसदृश सूक्ष्म जीवांतील रंगद्रव्य त्यांच्या पिसांत उतरतें. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं ठाण्याच्या खाडीचा एक भाग या पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर केला, आणि २०२२ सालीं तिला रामसर करारांतील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांत स्थान मिळालें. जिला पाहावयास दूरदूरचे अभ्यासक येतात ती खाडी आमच्या मुलांना केवळ नाकास रुमाल लावण्याची जागा वाटावी, याचें मला वाईट वाटतें.

हा चिखल आला कोठून, हें विचारलें म्हणजे भूशास्त्राचें दार उघडतें. उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरांत उगम पावून कर्जत, बदलापूर व कल्याण करीत खालीं येते. तिचा मोठा प्रवाह घोडबंदरावरून वसईच्या खाडीकडे जातो, व एक अरुंद फांटा ठाण्याच्या खाडीस मिळतो. वाटेंत ती ज्या काळ्या खडकाची झीज करून गाळ आणिते, तो खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. मुंब्र्याचा पारसिक डोंगर त्याच खडकाचा, इ. स. १९१६ मध्यें सुरू झालेला सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा त्याच खडकांतून खोदला आहे. आणि आपल्याच जिल्ह्यांत वज्रेश्वरी-गणेशपुरीस उन्हाळीं आहेत. तेथें हात घालून पाहणाऱ्या मुलास पृथ्वीच्या पोटांत उष्णता आहे हें निराळें सांगावें लागत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हें सर्व मनोरंजक आहे, पण आवश्यक आहे काय? त्यास मी दोन दिवसांची आठवण देतों. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या पावसानें सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाणी पडलें. त्याच काळांत कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर. त्या दुपारीं समुद्रास मोठी भरती होती. उल्हास नदी कांठ सोडून वाहिली, व कल्याण-बदलापूर भागांतील घरांतून पाणी शिरलें. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली, व हजारांहून अधिक प्रवाशांस होड्यांच्या साहाय्यानें बाहेर काढावें लागलें.

पाणी उंचावरून सखलाकडे वाहतें, हें आम्ही सहावीच्या मुलास शिकवितों. परंतु भरतीचे वेळीं खाडीचें पाणी नाल्यापेक्षां उंच होतें, आणि मग नाला बाहेर जाण्याऐवजीं उलटा घरांकडे फिरतो, हें त्याच धड्याचें पुढचें वाक्य आहे. तें आम्ही शिकवीत नाहीं. ज्या मुलास तें समजलें त्यास मुसळधार पाऊस लागला असतां घड्याळ पाहून कळतें कीं पाणी अजून चढणार कीं ओसरणार. कोणत्या वाटेनें जाऊं नये हेंहि कळतें. तेंच मूल मोठें झाल्यावर, नाल्यावर भराव घातला जात असतां किंवा तिवरें तोडलीं जात असतां, विचारूं शकतें कीं, ‘हें पाणी आतां कोठें जावयाचें?’ तिवरांची तोड ही नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला घालणारी आहे, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें. पण न्यायालयाचा निर्णय पाळला जावयाचा तर तिवर कशास म्हणतात हें तरी गांवच्या लोकांस ओळखतां आलें पाहिजे.

पालकांच्या तीन हरकती मीं वारंवार ऐकल्या आहेत. त्यांचा विचार करणें माझें कर्तव्य आहे.

पहिली ही कीं, यानें गुण मिळतील काय? प्रामाणिकपणें सांगतों, पहिल्या वर्षीं कदाचित् मिळणार नाहींत. परीक्षेंतील प्रश्न अद्याप पुस्तकाचीं वाक्यें मागतात, आणि त्यांत माझ्यासारखे परीक्षकहि दोषी आहेत. परंतु पाठ केलेलें उत्तर परीक्षेनंतर महिनाभरहि राहत नाहीं, हें प्रत्येक पालकास स्वतःच्या अनुभवानें ठाऊक आहे. डोळ्यांनीं पाहिलेलें राहतें, व पुढच्या इयत्तेंत त्यावर इमारत उभी करितां येते.

दुसरी हरकत, भरतीच्या वेळा मोबाइलवर मिळतात, मग मोजण्याचे कष्ट कशाला? बेरीजहि यंत्रावर होते. म्हणून आपण मुलांस पाढे शिकविणें सोडलें आहे काय? तयार उत्तर ज्याच्या हातीं आहे, पण तें बरोबर कीं चूक हें ज्यास पारखतां येत नाहीं, तो ज्ञानी नव्हे. तो दुसऱ्याच्या ज्ञानाचा हमाल आहे.

तिसरी हरकत धोक्याची आहे, आणि ती मला मान्य आहे. खाडीचा चिखल माणसास ओढून घेतो. पाणी पाहतां पाहतां चढतें. म्हणून एकट्या-दुकट्या मुलानें कधींहि चिखलांत उतरूं नये. पाहावयाचें तें कांठावरून, पुलावरून, शिक्षक किंवा वडील माणसें बरोबर असतां. परंतु धोका आहे म्हणून पाठ फिरविण्यापेक्षां धोका केव्हां व कां येतो हें शिकविणें, यांतच मुलांचें खरें रक्षण आहे.

आमच्या मिशनच्या शाळेंत हें बोलण्यास मला संकोच वाटत नाहीं. प्रभु येशूनें कोळ्यांमधून शिष्य निवडले. आणि शिकवितांना पेरणारा, खमीर, अंजिराचें झाड, पाण्यांत टाकलेलें जाळें यांकडे बोट दाखविलें. रोज पाहण्यांतील वस्तु हाच त्याचा फळा होता. आमचा पुनरुत्थानाचा सण देखील वसंतसंपाताच्या पौर्णिमेवरून ठरतो. पंचांग पाहणारा कोळी आणि ईस्टरची तारीख काढणारा पाद्री हे दोघेहि त्याच चंद्राकडे पाहतात. इ. स. १८४२ मध्यें अहमदनगरास मिशनऱ्यांनीं ‘ज्ञानोदय’ पत्र काढलें, तेव्हां धर्मविषयांबरोबर सृष्टिज्ञानाच्या गोष्टीहि मराठींत लोकांपुढें ठेवल्या. ती परंपरा आपली आहे. ती केवळ गौरवानें सांगण्यासाठीं नसून चालविण्यासाठीं आहे.

तेव्हां काय करावें? या वर्षीं वर्गाच्या व्हरांड्यांत मीं एक मोठी वही टांगली आहे. आपल्या शाळेंत कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली व कल्याण येथून मुलें येतात. पुलावरून जातांना त्यांनीं पाण्याची स्थिति पाहावी व वेळेसह वहींत लिहावी. सुटीच्या दिवशीं दुपारीं दोन वाजतां आपापल्या घराच्या सावलींत उष्णतामापक ठेवून अंश नोंदावे. पाणी जमिनीपेक्षां सावकाश तापतें, म्हणून समुद्रापासून आंत आंत जावें तसा दुपारचा उकाडा वाढतो, असें आम्ही शिकवितों. तें ठाण्यापासून कल्याणपर्यंत खरें ठरतें कीं नाहीं, हें आमच्याच मुलांच्या आकड्यांनीं ठरूं द्या. आकडे पुस्तकाशीं जुळले नाहींत तर ते खोडूं नयेत. कां जुळले नाहींत तें विचारावें. पालकांपाशीं माझें मागणें लहान आहे. मूल घरीं आलें म्हणजे ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाच्या आधीं ‘आज काय पाहिलेंस?’ हा प्रश्न विचारावा. आणि घरांत आजी-आजोबा असतील तर त्यांस ठाऊक असलेलीं पाण्याचीं, पावसाचीं, पिकांचीं अनुमानें मुलांकडून लिहवून शाळेंत पाठवावींत. आम्ही तीं तपासूं.

त्या मुलीच्या आजोबांना मीं वर्गांत येण्याची विनंती केली होती. त्यांनीं दिवस दिला तो शाळेचें वेळापत्रक पाहून नव्हे, तर भांग पाहून. भांगाच्या दिवसांत होडी कांठाला असते. ते आले, बाकावर संकोचून बसले, आणि मुलांच्या प्रश्नांस थोडक्यांत उत्तरें दिलीं. जातांना त्यांनींच एक प्रश्न टाकला : ‘गुरुजी, पावसाळ्यांत दिवसाची भरती मोठी असते आणि थंडींत रात्रीची. असें कां?’

मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. ‘पाहून सांगतों,’ असें मीं सर्व वर्गासमक्ष म्हटलें. नंतर पुस्तकें चाळल्यावर समजलें कीं, त्यांचें निरीक्षण अगदीं खरें आहे, व सूर्य-चंद्र वर्षभरांत विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस सरकतात त्याशीं त्याचा संबंध आहे. पण संपूर्ण उत्तर मी येथें मुद्दाम लिहीत नाहीं. व्हरांड्यांतील वही जून ते जानेवारी भरली म्हणजे तें विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडावें, व पुढच्या वर्षाच्या अंकांत त्यांच्याच नांवानें छापलें जावें, अशी माझी इच्छा आहे.

— एक शिक्षक